पार्श्वभूमी : वस्ताद नसलेला आखाडा

कोल्हापुरात चेष्टेला तोटा नाही. पेठेत वाढलेल्या पोराला कुणीतरी टोपणनाव चिकटवतं आणि ते जन्मभर सुटत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा हे फुटबॉल संघ समोरासमोर आले की गॅलरीतून जे ऐकू येतं, ते छापता येत नाही. त्यामुळं एखाद्या पोराचा फोटो विद्रूप करून वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवला गेला, तर 'पोरंच ती, चेष्टा केली असेल' असं म्हणून विषय मिटवला जातो. पोरं मोबाइलवरून एकमेकांना का छळतात, असं विचारलं की काही जण मोबाइलला शिव्या घालतात. शिकल्यासवरल्यांचं निदान तिसरंच असतं : करणाऱ्याला स्वतःलाच न्यूनगंड असणार.

यातलं न्यूनगंडाचं निदान सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कच्चं. त्याची तपासणी स्वीडनमध्ये सत्तरच्या दशकातच झाली होती. १९६९ मध्ये पेटर-पॉल हाइनेमन या डॉक्टरांनी पोरांचा घोळका एकट्या मुलाला कसा घेरतो, याकडं तिथं लक्ष वेधलं. त्यानंतर डान ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञानं शाळकरी मुलांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. घोळका घोळका म्हणून चालणार नाही, त्यात पुढाकार घेणारी ठरावीक पोरं असतात, असं त्याचं म्हणणं होतं. ही पोरं आतून भेदरलेली असतात, या समजुतीला त्याच्या अभ्यासात आधार सापडला नाही. त्यांच्यातली असुरक्षितता इतरांइतकीच किंवा थोडी कमीच निघाली. छळ कशाला म्हणायचं याच्या त्यानं सांगितलेल्या तीन खुणा आजही वापरल्या जातात : दुखवण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं आणि ताकदीतली तफावत. १९८२ मध्ये नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या, त्यामागं शाळेतला छळ असल्याचं पुढं आलं. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारनं देशभर मोहीम काढली.

ओल्वेयसनं बाजूला सारलेला घोळका फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिव्हाल्ली यांनी १९९६ मध्ये पुन्हा चर्चेत आणला, पण जास्त बारकाईनं. छळणारा आणि सोसणारा सोडले तर वर्गातली बाकीची पोरं काय करत असतात, हे त्यांनी पाहिलं. कुणी हाताखाली राबतं, कुणी हसून चढवतं, कुणी मान फिरवतं, एखादंच पोरगं मध्ये पडतं. एकदा हसणारे हिशेबात धरले की छळ कशासाठी, याचं उत्तर त्या दोघांच्या स्वभावात शोधून भागत नाही. ते वर्गातल्या मानाच्या जागेत शोधावं लागतं.

अमेरिकेत रॉबर्ट फॅरिस आणि डायन फेल्मली या समाजशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये हेच आकड्यांत मांडलं. मुलांच्या मैत्रीच्या जाळ्यात ज्याचं स्थान वरचं, तो जास्त आक्रमक. हा आलेख चढत जातो आणि अगदी वरच्या दोन टक्क्यांपाशी खाली येतो. ज्यांची जागा पक्की झाली त्यांना कुणाला खाली ओढायची गरज उरत नाही. ओढाताण करतात ते अजून चढणारे. आपल्याकडं याला सरळ ईर्षा म्हणतात, आणि ती कशी पेटते हे कोल्हापूरकराला परक्यानं सांगायला नको.

मग इंटरनेटनं काय बदललं? २००४ मध्ये फेसबुकसारखं ऑर्कुट हे संकेतस्थळ आलं आणि सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून खोटी प्रोफाइलं काढली जाऊ लागली. त्याच वर्षी जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञानं पडद्याआड माणसाचा संकोच का गळतो, याची सहा कारणं मांडली. नाव लपतं, चेहरा दिसत नाही, उत्तर लगेच येत नाही, वडीलधाऱ्यांचा दरारा उरत नाही ही त्यातली ठळक. लोकांच्या डोक्यात राहिलं ते नाव लपण्याचं. पण २०१२ मध्ये इस्रायलमधल्या नोआम लॅपिडोट-लेफ्लर आणि अझी बराक यांच्या प्रयोगात नाव लपण्यापेक्षा नजरेला नजर न भिडणंच भारी पडलं. आपल्या अनुभवाशीही ते जुळतं. वर्गाच्या ग्रुपवर कोण कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. दिसत नाही ते फक्त समोरच्याचं पडलेलं तोंड.

ओल्वेयस २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट ठासून सांगत होता : ऑनलाइन छळ सोसणारी मुलं बहुतेक तीच असतात जी शाळेतही सोसतात. मोबाइलनं नवी पोरं बिघडवली, हे त्यामुळं अर्धंच खरं.

तालमीशी ताडून पाहिलं तर फरक नीट कळतो. लाल मातीतही रग जिरवायचे, टोमणे मारायचे, पण कडेला वस्ताद बसलेला असे. तिथं सगळं गोड होतं असं नाही, दुबळ्याला तिथंही सोसावं लागे. बोर्डिंगांतही तेच. राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये उगाच आला नाही. तरी प्रेक्षक मोजके होते आणि संध्याकाळी घरी गेलं की सुटका होती. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळाच मोबाइलवर आली, तेव्हा तीही राहिली नाही.

प्रेक्षक पोरांना काय करतात, हे मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या एका खेळातून दाखवलं. मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुलं एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत. चोविशी ओलांडलेल्यांवर असा परिणाम झाला नाही. आता ते मित्र चोवीस तास खिशात असतात.

मनाला टोचणी लागत नाही का? लागते, पण ती बोथट करायच्या युक्त्या असतात. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञानं त्या एकेक करून मांडल्या : कृत्याला सौम्य नाव देणं, जबाबदारी वाटून टाकणं, दोष सोसणाऱ्यावर ढकलणं. 'मस्करी केली रे', 'मी फक्त फॉरवर्ड केलं', 'त्यानं असले फोटो टाकलेच कशाला'.

कायद्याचा आधार तुटक आहे. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, तेही मोघम असल्यामुळं, आणि ते योग्यच झालं. खासगी चित्रं पसरवणं, पाठलाग, धमकी यांसाठी वेगवेगळी कलमं आहेत. नुसत्या हसणाऱ्यांना कुठलंच कलम लागत नाही.

फिनलंडनं हसणाऱ्यांनाच हाताशी धरलं. साल्मिव्हाल्ली यांच्या कामावर उभा राहिलेला 'किव्हा' हा कार्यक्रम २००९ पासून तिथल्या शाळांत देशभर गेला. बघ्यांनी साथ सोडावी, यावर त्याचा सगळा भर. ऑनलाइन छळ सोसणाऱ्यांचं प्रमाण त्यानं घटलं. छळ करण्याचं प्रमाण मात्र घटलं ते साधारण तेरा वर्षांच्या आतल्या मुलांत, मोठ्यांत नाही. इन्स्टाग्रामवर खातं उघडायला कंपनीच्या नियमानुसार किमान वय १३ लागतं.