एडीएचडीच्या गोळ्या: नवी चिठ्ठी का लागते आणि घरी काय सांभाळायचं

‘मागच्याच चिठ्ठीवर एक स्ट्रिप द्या ना, उद्यापासून परीक्षा आहे.’ औषधाच्या दुकानात काउंटरवर हे वरचेवर ऐकावं लागतं, आणि आम्हाला नाही म्हणावं लागतं. मिथाइलफेनिडेट आणि अ‍ॅम्फेटामिन ही एडीएचडीची (लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा, या आजाराची) औषधं १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सायकोट्रॉपिक (मनावर परिणाम करणाऱ्या औषधांच्या) करारात दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीत, आहेत. म्हणूनच बहुतेक ठिकाणी जुनी चिठ्ठी किंवा डॉक्टरांचा फोन चालत नाही आणि नोंदवहीत गोळीन्‌गोळीचा हिशेब ठेवावा लागतो. ही अडवणूक नव्हे. याच गोळ्यांची सवय लावून घेणारेही असतात. आठवडाभराच्या गोळ्या उरल्या की डॉक्टरांची वेळ घ्या. आमच्याकडे नाव नोंदवलंत तर आठवणही करू आणि तुमच्या डोसच्या ताकदीची गोळी आधीच मागवून ठेवू.

या औषधांनी मेंदूत संदेश पोहोचवणाऱ्या रसायनांचा, म्हणजे डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिनचा प्रभाव वाढतो, चित्त एका जागी राहतं, चुळबुळ कमी होते. पण आजार मुळापासून जात नाही; गोळी अंगात असेपर्यंतच गुण. साधी गोळी तीन-चार तास, दीर्घकाळ चालणारी साधारण आठ ते बारा. दीर्घकाळवाली तोडू, चावू किंवा कुटू नका, दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. मूल गिळत नसेल तर आधी आम्हाला विचारा. काही कॅप्सूल उघडून आतले दाणे मऊ खाण्यावर घालता येतात. एका प्रकारच्या गोळीचं रिकामं टरफल शौचात दिसतं. औषध वाया गेलं म्हणून दुसरी देऊ नका!

भूक मरते, म्हणून सकाळचं पोटभर खाणं गोळीच्या आधी उरकावं. डोस दिवसा उशिरा घेतला की रात्री झोप लागत नाही. डोकं किंवा पोट दुखणं बरेचदा सुरुवातीपुरतंच. संध्याकाळी औषधाचा अंमल उतरताना मूल चिडचिड करतं, तेव्हा स्वतःच्या मनाने डोस वाढवू नका. नाडी, रक्तदाब आणि मुलांची उंची-वजन तपासत राहावं लागतं. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलं किंवा भास होऊ लागले तर लगेच डॉक्टर गाठा. हृदयाचा त्रास असेल तर गोळी सुरू होण्याआधीच सांगा.

सर्दीचं औषध घ्यायला आलात तरी या गोळ्या चालू असल्याचं बोला. नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनीही रक्तदाब चढतो. दुसरं काहीतरी काढून देऊ.