रक्ताच्या ‘नॉर्मल’ अहवालाने स्तनाचा कर्करोग नाही असे ठरत नाही

‘सीए १५-३ ही रक्ताची तपासणी नॉर्मल आली, म्हणजे स्तनाचा कर्करोग नाही’ हा समज अनेक वर्षांपासून रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. सीए १५-३ हा पेशींच्या पृष्ठभागावरील एमयूसी१ या प्रथिनाचा रक्तात उतरणारा अंश असून, त्याची कमाल मर्यादा बहुतेक प्रयोगशाळा मिलिलिटरमागे सुमारे ३० युनिट मानतात. गाठ लहान आणि स्तनापुरतीच मर्यादित असताना हा अंश रक्तात इतका कमी असतो की अहवाल बहुधा नॉर्मलच येतो. म्हणजे ज्या टप्प्यावर रोग ओळखणे सर्वांत मोलाचे, नेमकी तिथेच ही तपासणी फसते. उलट यकृताचे आजार किंवा स्तनातील साध्या गाठी यांमुळेही आकडा वाढू शकतो. तिचा खरा उपयोग होतो तो रोग इतर अवयवांत पसरलेल्या रुग्णांमध्ये, उपचार लागू पडत आहेत का हे इतर तपासण्यांच्या जोडीने पाहण्यासाठी.

बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांची तपासणीही रक्तावर होते, पण ती पुढील आयुष्यातील कर्करोगाचा धोका सांगते, आज रोग आहे की नाही हे सांगत नाही.

गाठीचा शोध मॅमोग्राफी, सोनोग्राफी, क्वचित एमआरआय यांनी घेतला जातो आणि निदान पक्के होते ते बायोप्सीत, सुईने काढलेला गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच. सर्वाधिक काळजी वाटते ती चांगल्या अहवालावर विसंबून थांबून राहणाऱ्या स्त्रियांची. हाताला नवी गाठ लागत असेल, स्तनाग्र आत ओढले गेले असेल किंवा त्यातून रक्तमिश्रित स्राव येत असेल, तर रक्ताचा अहवाल काहीही असो, डॉक्टरांकडून स्तनाची तपासणी विनाविलंब करून घ्यावी.