सहयोगी खेळ

सर्व खेळाडू एकाच बाजूला असतात आणि जिंकले तर सर्व जिंकतात, हरले तर सर्व हरतात, अशा बैठ्या व संगणकीय खेळांचा वर्ग. समोरचा प्रतिस्पर्धी माणूस नसतो. त्याची जागा पत्त्यांचा गठ्ठा, फासे, घड्याळ किंवा संगणकाची आज्ञावली घेते. जोडीजोडीने खेळायचे खेळ या वर्गात मोडत नाहीत. मेंढीकोटात दोन भिडू एकत्र असले, तरी त्यांच्याविरुद्ध दुसरी जोडी बसलेलीच असते.

संज्ञा : ‘सहकारी खेळ’ असाही शब्द वापरला जातो. महाराष्ट्रात ‘सहकारी’ म्हटले की आधी साखर कारखाना व पतपेढी आठवते, ही अडचण गौण म्हणता येईल. खरी अडचण गणिताकडून येते. खेळ सिद्धांतात सहकारी व असहकारी हा भेद वेगळ्याच अर्थाने रूढ आहे. फॉन नॉयमान व मॉर्गेनस्टर्न यांचा १९४४ चा ग्रंथ आणि जॉन नॅश यांचा १९५१ चा लेख यांतून तो स्थिरावला. खेळाडूंना आपसांत बंधनकारक करार करता येत असेल, तर तेथे खेळ सहकारी ठरतो. मात्र प्रत्येकाचा डोळा आपापल्या वाट्यावरच असतो. तीन शेतकऱ्यांनी सामाईक विहिरीचा खर्च कसा वाटून घ्यावा, हा त्या अर्थाने सहकारी खेळ आहे. प्रस्तुत नोंदीतील खेळांत वाटा हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण फळ एकच आणि ते अविभाज्य. म्हणून येथे ‘सहयोगी’ हा शब्द पसंत केला आहे.

उगम : पहिला सहयोगी बैठा खेळ कोणता, याविषयी मतभेद आहेत. काही लेखक हा मान अमेरिकन लेखिका लिझी मॅगी यांच्या ‘द लँडलॉर्ड्स गेम’ला देतात. ५ जानेवारी १९०४ रोजी पेटंट मिळालेला हा खेळ पुढे प्रसिद्ध झालेल्या मोनोपॉलीचा पूर्वज होय. अमेरिकन अर्थचिंतक हेन्री जॉर्ज यांच्या जमीनकराच्या विचाराचा प्रसार हा त्याचा हेतू होता. प्रचलित वृत्तान्तानुसार मॅगी यांनी नियमांचे दोन संच केले होते. एकात मक्तेदाराने इतरांना भिकेला लावायचे. दुसऱ्यात जमिनीचे उत्पन्न सर्वांच्या कामी यायचे आणि सर्वांत कमी पैशांनिशी सुरुवात करणाऱ्याचे भांडवल दुप्पट झाले की सर्वच जिंकायचे. हा दुसरा संच मूळचा की मागाहूनचा, याबाबत जपूनच बोललेले बरे. १९०४ च्या पेटंटातील खेळ शेवटी सर्वाधिक संपत्ती असलेल्याला विजयी ठरवतो; ‘प्रॉस्परिटी’ हे नाव व त्याचे नियम ठळकपणे पुढे येतात ते १९३२ च्या आवृत्तीत. शिवाय त्यातही प्रत्येकाचे पैसे वेगळे असतात आणि पट कोणावर चाल करून येत नाही. सर्वांचे भले होणे आणि सर्वांनी मिळून एका संकटाशी झुंजणे यांत फरक आहे, एवढे लक्षात घेतले तर या खेळाला पूर्वसूरी म्हणणे अधिक योग्य वाटते.

दुसरा धागा शांतता चळवळीचा. थिओडोर लेंट्झ व रूथ कॉर्नेलियस यांनी १९५० मध्ये सेंट लुइस येथून सहयोगी खेळांची एक पुस्तिका काढली. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ टेरी ऑर्लिक यांचे १९७८ चे पुस्तक याच वळणाचे असले, तरी त्यात भर आहे तो मैदानी खेळांवर. बैठ्या खेळांपुरते पाहिल्यास सलग परंपरा सुरू होते ती जिम डीकोव्ह यांच्यापासून. मुलींनी भांडण न करता खेळावे म्हणून त्यांनी घरच्या घरी खेळ रचले व १९७२ च्या सुमारास ऑन्टॅरिओ प्रांतातील पर्थ येथे ‘फॅमिली पास्टाइम्स’ हा घरगुती उद्योग सुरू केला. त्यांच्या ‘मॅक्स’ या खेळात चिमणे प्राणी अंगण ओलांडून घरी पोहोचवायचे असतात आणि मॅक्स नावाचा बोका मागे लागलेला असतो. फाशाच्या एका रंगाच्या ठिपक्यांनी प्राणी सरकतात, दुसऱ्या रंगाच्या ठिपक्यांनी बोका. फासा कोणाचाही असो, बोका सर्वांचाच शत्रू.

मोठ्यांच्या खेळांकडे हा प्रकार वळला तो ‘शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह’ (१९८१) व ‘आर्कम हॉरर’ (१९८७) यांतून, आणि नंतर गणितज्ञ राइनर क्निझिया यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (२०००) या खेळातून. मॅट लीकॉक यांचा ‘पँडेमिक’ (२००८) हा क्निझियांच्या खेळाचा ऋणी आहे. वाटाघाटींच्या एका खेळाने पत्नीशी बिनसले, उलट क्निझियांचा खेळ हरल्यावरही मन प्रसन्न राहिले, असे लीकॉक यांनी सांगितले आहे.

रचना : माणसाशिवाय प्रतिस्पर्धी उभा करणे हे या खेळांतील मुख्य कसब. ‘पँडेमिक’ हे त्याचे सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण. पटावर ४८ शहरे व चार रोग असतात. काळ्या रंगाच्या बारा शहरांत मुंबई, दिल्ली, चेन्नई व कोलकाता ही आहेत. प्रत्येकाला पाळीगणिक चार कृती करता येतात. एका रंगाचे पाच पत्ते जमले की त्या रोगावरचा उपाय सापडतो आणि चारही उपाय सापडले की सगळे जिंकतात. हरण्याच्या वाटा मात्र तीन : आठवा उद्रेक होणे, एखाद्या रंगाचे, रोगाची लागण दाखवणारे ठोकळे संपणे किंवा खेळाडूंचा गठ्ठा संपणे. लीकॉक यांची खरी करामत रोगाच्या साथीच्या पत्त्यात आहे. तो निघाला की आधी बाधित झालेल्या शहरांचे पत्ते पिसून पुन्हा गठ्ठ्याच्या वर ठेवतात, तळाशी नव्हे. त्यामुळे जी शहरे आधीच आजारी, त्यांच्यावरच पुन्हा घाला येतो. साथ पसरण्याचा अनुभव केवळ पत्ते पिसण्याच्या एका नियमातून मिळतो. हिशेबाची वही लागत नाही.

या वर्गाचा जुना दोष म्हणजे म्होरक्या. सर्वांची माहिती उघड असली की घरातला एखादा जाणता सर्वांच्या चाली सांगू लागतो आणि बाकीचे फक्त प्यादी हलवतात. त्यावरचे उपाय तीन दिशांनी झाले. एक म्हणजे फितूर : ‘शॅडोज ओव्हर कॅमेलॉट’ (२००५) मध्ये एखादा खेळाडू गुपचूप शत्रूपक्षाचा असू शकतो, अशा खेळाला शुद्ध सहयोगी म्हणावे की नाही, हा वाद आहेच. दुसरा म्हणजे घाई : ‘स्पेस अलर्ट’ (२००८) ध्वनिफितीच्या तालावर चालतो, तेव्हा दुसऱ्याला शिकवायला वेळच उरत नाही. तिसरा व सर्वांत फलदायी उपाय म्हणजे बोलण्यावर बंधन. आंत्वान बोझा यांच्या ‘हानाबी’त (२०१०) पत्ते उलटे धरतात : आपले पत्ते इतरांना दिसतात, आपल्याला नाही. इशारा रंगाचा किंवा अंकाचा, तोही मोजकाच. प्रत्येक इशाऱ्याला एक चकती खर्च होते आणि सुरुवातीला चकत्या फक्त आठ. मेंढीकोटात भिडूला डोळ्याने खूण केली तर ती लबाडी ठरते; येथे तीच खूण नियमात बसवून तिची किंमत ठरवली आहे.

जर्मनीतील ‘श्पील देस यारेस’ (वर्षातील खेळ) हा बैठ्या खेळांचा पुरस्कार ‘हानाबी’ला २०१३ मध्ये मिळाला. २०२३ ते २०२५ या सलग तिन्ही वर्षी तो सहयोगी खेळांनाच गेला : ‘डॉर्फरोमँटिक’, ‘स्काय टीम’ व ‘बॉम्ब बस्टर्स’. पैकी पहिला मुळात संगणकीय खेळावरून बेतलेला आहे.

संगणकीय खेळ : अटारीचा ‘फायर ट्रक’ (१९७८) हा आरंभीच्या उदाहरणांपैकी एक, त्यात एकाने बंबाचा पुढचा भाग व दुसऱ्याने मागचा वळवायचा. ‘गाँटलेट’मध्ये (१९८५) चौघे एकत्र खेळत. भारतीय घरांत या प्रकाराची ओळख झाली ती बहुधा जपानी यंत्रांच्या नकली आवृत्त्यांवरील ‘कॉन्ट्रा’मुळे (१९८७). धबधब्याच्या टप्प्यात पडदा वर सरकतो आणि पुढे धावणाऱ्यामुळे मागे राहिलेला भिडू मरतो. भावंडांची भांडणे येथे हमखास. अलीकडच्या ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’मध्ये (२०१५) बॉम्ब एकालाच दिसतो आणि तो निकामी करण्याची पुस्तिका इतरांपाशी असते, ‘इट टेक्स टू’ (२०२१) तर एकट्याने खेळताच येत नाही.

मराठी परंपरेत या वर्गाचा बैठा खेळ आढळत नाही. सारीपाटाचे नाव घेतले जाते, कारण समोरासमोर बसलेल्या भिडूंच्या सर्व सोंगट्या घरी गेल्याखेरीज जोडी जिंकत नाही आणि पुढे गेलेला भिडू मागच्याला मदत करण्यासाठी मुद्दाम रेंगाळू शकतो. पण तेथेही दुसरी जोडी असतेच. त्याहून जवळचे ठरतात ते मंगळागौरीचे खेळ. झिम्म्यात कोणी हरत नाही, आणि फुगडीत एकीने हात सोडला की दोघीही पडतात.