परसबागेत आगंतुक आलेली गुच्छी

२०१२ साली अमेरिका आणि कॅनडातल्या गुच्छींची, म्हणजे मोरेल या रानटी खाद्य अळंबीच्या जातींची, नव्याने छाननी झाली आणि एकाच शोधनिबंधात चौदा नव्या जातींना नावे मिळाली. त्यांतल्या एका काळ्या गुच्छीचे नाव ठेवले मोर्केला इम्पोर्टुना. या लॅटिन शब्दाचा अर्थ न विचारता शिरणारी, आगंतुक. ही गुच्छी घनदाट जंगलापेक्षा घरांच्या बागांत, फुलझाडांच्या वाफ्यांत, लाकडाच्या ढलप्या पसरलेल्या जागी उगवते, म्हणून हे नाव. आज चीनमध्ये शेतात जी गुच्छी पिकते तिच्यातल्या मुख्य जातींपैकी ही एक आहे. शंभराहून जास्त वर्षे माणसे रानातली गुच्छी घरी आणायला धडपडत होती, आणि शेवटी माणसाळली ती आधीच त्यांच्या अंगणात येऊन बसलेली. गुच्छीच्या लागवडीचा इतिहास मला असाच वाचावासा वाटतो.

हे सगळे खणून काढायला निमित्त झाले माझ्या मावसबहिणीचे. ती हिमाचलात पालमपूरला असते. मी इथे पुण्यात गेली काही वर्षे घरी धिंगरी (ऑयस्टर अळंबी) पिकवतो, हे तिला ठाऊक आहे. एकदा तिने फोनवर विचारले, "अरे, धिंगरी तुझ्या गॅलरीत येते, मग गुच्छी माझ्या अंगणात का नाही येणार? आमच्या वरच्या डोंगरात तर आपोआप उगवते." प्रश्न अगदी रास्त होता. भाताचा पेंढा भिजवायचा, उकळत्या पाण्यातून काढायचा, निथळला की थराथराने स्पॉन, म्हणजे अळंबीचे बियाणे, पेरून पिशवीत भरायचा, की तीन-चार आठवड्यांत धिंगरी हजर. गुच्छीचे स्पॉनही आता विकत मिळते. मग अडते कुठे?

गुच्छी हिमाचल, काश्मीर आणि उत्तराखंडात बर्फ वितळल्यावर, साधारण मार्चपासून पुढे दोन-तीन महिने रानात सापडते. मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार टोपी, आतून पूर्ण पोकळ. डोंगरातली माणसे पहाटे निघतात, दिवसभर चालतात, मिळेल तेवढी आणतात, दोऱ्यात ओवून चुलीवर टांगून वाळवतात. वाळलेल्या गुच्छीचा भाव किलोला हजारो रुपयांत जातो. ढग गडगडले, वीज कडाडली की गुच्छी फुटते, असे तिथे म्हणतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी ज्यांनी शोधली आहेत त्यांना हे वातावरण ओळखीचे वाटेल. जागा कोणी कोणाला सांगत नाही. ती अळंबीही अजून कोणाला शेतात पिकवता आलेली नाही, कारण वाळवीशिवाय तिचे चालत नाही. रानातल्या चवीसाठी रानातच जावे लागते, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये गुच्छीला शास्त्रीय नाव दिले तेव्हा युरोपात ती स्वयंपाकघरात कधीच पोचलेली होती. फ्रान्समध्ये बटण अळंबी सतराव्या शतकापासून घोड्याच्या लिदीवर पिकत होती, आणि पुढे पॅरिसखालच्या दगडाच्या जुन्या खाणींत तिचा मोठा धंदा उभा राहिला. एक अळंबी खतावर येते तर दुसरी का येऊ नये, असे तिथल्या बागायतदारांना वाटणे साहजिक होते. १८८९ मध्ये बॅरन दिव्हॉर या जमीनदाराने आर्टिचोकच्या वाफ्यांत ताज्या गुच्छीचे तुकडे पुरून पुढच्या वसंतात पीक घेतल्याचे लिहिले. तीन वर्षांनी रेपिन याने गुहेत ठेवलेल्या कुंड्यांत गुच्छी उगवली. १९०५ च्या सुमारास मारँ मोलियार याने सफरचंदाच्या चोथ्यावर प्रयोग केले. यातले कोणीच लबाड नव्हते असे मला वाटते. त्यांच्याकडे गुच्छी आली, पण पुढच्या वर्षी ती का आली नाही हे त्यांना सांगता आले नाही. शेती म्हणजे पुन्हा पुन्हा येणे. एकदा येणे हा नशिबाचा भाग.

दुसरी एक वाट लोकांना त्याआधीच सापडली होती, ती आगीची. जंगल जळले की पुढच्या वसंतात त्या राखेत काही जातींच्या गुच्छी ढिगांनी येतात. जर्मनीत गुच्छीसाठी लोक मुद्दाम रान पेटवत आणि ते थांबवायला कायदा करावा लागला, असे एकोणिसाव्या शतकातल्या अळंबीवरच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येते. अमेरिकेत विसाव्या शतकात एल्म झाडांवर रोग पडून ती लाखोंनी मेली, तेव्हा मरणाऱ्या झाडांच्या बुंध्यांभोवती गुच्छीचा सुकाळ झाला. जळलेले रान, मरणारे झाड, नुकतीच उकरलेली बाग या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. जमिनीखालचे घर अचानक मोडलेले असते. पण हे सूत्र हाती यायला १९८० चे दशक उजाडावे लागले.

रोनाल्ड ओवर हा सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीत शिकलेला माणूस. १९८२ मध्ये 'मायकॉलॉजिया' या नियतकालिकात त्याची छोटी टिपणवजा नोंद आली. बंद खोलीत, नियंत्रित हवेत, गुच्छी पूर्ण वाढवल्याची ती नोंद होती. त्याच्या कामाचा गाभा समजून घेण्यासारखा आहे, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

धिंगरीला आपण पोटभर पेंढा देतो आणि त्याच पेंढ्यातून ती बाहेर येते. गुच्छीला असे चालत नाही. अन्नाने भरलेल्या जागी तिचे धागे, म्हणजे मातीत पसरणारे बुरशीचे बारीक तंतू, नुसते पसरत राहतात, फळ धरत नाहीत. ओवरने बरणीत खाली शिजवलेला गहू ठेवला आणि वर निकस माती, मध्ये भोके पाडलेला पातळ पत्रा. धागे गव्हातले अन्न खात वर मातीत गेले, आणि तिथे खायला काही नाही म्हणून त्यांनी आणलेले अन्न गाठींच्या रूपात साठवून ठेवले. बटाट्यात झाड जसे पुढच्या ऋतूची बेगमी करते, तशा या गाठी. शास्त्रज्ञ त्यांना स्क्लेरोशिया म्हणतात. मग त्या गाठी वेगळ्या काढून मातीत घालायच्या, जरा वाढू द्यायच्या आणि नंतर अन्नाचा पुरवठा तोडून भरपूर पाणी द्यायचे. बर्फ वितळून हिमालयात जे होते तेच इथे तोटीच्या पाण्याने. अन्न तुटले आणि पाणी आले, की गाठीतली शिदोरी उघडून गुच्छी वर येते.

ओवरने गॅरी मिल्स आणि जेम्स मॅलाकोव्स्की यांच्याबरोबर पेटंटसाठी अर्ज केला. ते १९८६ मध्ये मंजूर झाले, पण त्याआधीच सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बागेत ओवरचा खून झाला होता. ज्या कोड्यापुढे बॅरनपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे हरले ते सोडवणाऱ्याला स्वतःचे पेटंट पाहायला मिळू नये, हे वाचताना मला आजही वाईट वाटते. पुढे त्याच्या पद्धतीने मिशिगन आणि अलाबामात बंदिस्त उत्पादन झाले, काही वर्षे चालले आणि थांबले. बाकीच्या अनेकांनी पेटंट वाचून तसेच करून पाहिले आणि त्यांच्या हाती काही लागले नाही, म्हणून पद्धतीबद्दलच शंका घेतली गेली.

त्या शंकेचे उत्तर नावात दडलेले होते. ओवरने आपली गुच्छी मोर्केला एस्क्युलेंटा, म्हणजे युरोपातल्या रानातली प्रसिद्ध पिवळी गुच्छी, असे समजून लिहिले. ती तशी नव्हती. नंतर कळले की ती मोर्केला रुफोब्रुनिया होती. ही जात १९९८ मध्ये मेक्सिकोतून पहिल्यांदा वर्णन झाली आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ती नेमकी बागांत, ढलप्यांच्या वाफ्यांत सापडते. म्हणजे ओवरच्या हाती लागली होती तीही बागेतलीच पाहुणी. ज्यांनी खरोखरची रानातली पिवळी गुच्छी घेऊन त्याची पद्धत वापरली ते फसले यात नवल नाही. रानातल्या अनेक जातींचे जिवंत झाडांच्या मुळांशी काही ना काही नाते दिसते, ते बरणीत कसे आणणार?

चीनचा अध्याय या सगळ्याहून वेगळा, कारण तिथे गुच्छी खोलीतून उघड्या शेतात आली. सिच्वान प्रांतात १९८० च्या दशकापासून प्रयत्न चालू होते, पण २०१२ च्या आसपास लागवड व्यापारी पातळीवर जमली आणि दशक संपेपर्यंत हजारो हेक्टरांवर गेली. भात निघाला की रिकाम्या शेतात सरी-वाफे करायचे, नोव्हेंबरात हवा थंड झाली की स्पॉन पेरून माती लोटायची, वर काळी सावलीची जाळी. आठ-दहा दिवसांत जमिनीवर पांढरी भुकटी पसरल्यासारखे दिसते. हे गुच्छीचेच एक रूप. आणि इथे ती खास युक्ती येते. गहू, भाताचा तूस, लाकडाचा भुस्सा भरून निर्जंतुक केलेल्या पिशव्या एका बाजूने चिरून, चिरलेली बाजू मातीला लावून वाफ्यावर ठेवायच्या. धागे मातीतून वर पिशवीत शिरतात, खातात आणि अन्न खाली मातीत ओढून नेतात. महिना-दीड महिन्याने पिशव्या उचलून टाकायच्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी दिले की वाफ्यात गुच्छी उभ्या राहतात.

नीट पाहिले तर ही ओवरचीच बरणी आहे, फक्त उलटी केलेली. गहू खालून वर गेला, पत्र्याच्या जागी प्लास्टिकची चीर आली, आणि अन्न काढून घेण्याचा क्षण म्हणजे पिशवी उचलण्याचा दिवस. शिवाय तिथल्या मुख्य तीन जातींपैकी इम्पोर्टुना बागेतली, तर सेक्स्टेलाटा आणि एक्झिमिया जळलेल्या जमिनीवर येणाऱ्या. उद्ध्वस्त जागेची सवय असलेल्यांनाच नांगरलेले शेत मानवले. पण यश सरसकट नाही. त्याच जमिनीत लागोपाठ घेतले की पीक बसते, दुसऱ्या बुरश्या चढतात, आणि एका वर्षी भरघोस आलेल्या वाफ्यात दुसऱ्या वर्षी काहीच न मिळालेले शेतकरी तिथे पुष्कळ आहेत.

डेन्मार्कमध्ये याकोब आणि कार्स्टन कर्क या जुळ्या भावांनी चार दशके चिकाटीने काम करून काळी गुच्छी खोलीत बारा महिने पिकवण्याची पद्धत बसवली. ती २०२१ च्या अखेरीस जाहीर झाली. एका चक्राला बावीस आठवडे लागतात. त्याच वर्षी आपल्याकडे सोलनच्या अळिंबी संशोधन संचालनालयानेही गुच्छी कृत्रिमरीत्या उगवल्याचे जाहीर केले.

घरच्या बागेसाठी पाश्चात्त्य देशांत जुना उपाय चालत आला आहे: पाण्यात थोडी काकवी आणि मीठ घालून त्यात ताज्या गुच्छी एक-दोन दिवस भिजवायच्या, गाळून ते पाणी एल्म, ॲश किंवा सफरचंदाच्या झाडाखाली ओतायचे. बीजाणू त्या पाण्यात लाखोंनी असतात हे खरे. मात्र दोन-तीन वर्षांनी एखादी गुच्छी दिसली तर ती ओतलेल्या पाण्यातून आली की आधीच तिथे होती, हे ओळखायला मार्ग नाही. बॅरनच्या वाफ्यांचीही हीच अडचण होती. म्हणून मी बहिणीला सांगितले की काही करायचेच तर चिनी पद्धत लहान प्रमाणात कर. बाजारात काळ्या गुच्छीचे स्पॉन असेल तर जात विचारून घे, गव्हाची पिशवी विसरू नकोस. तिच्याकडे हिवाळ्यात माती बरीच थंड राहते, ते जमेल. माझ्या पुण्यात डिसेंबरच्या रात्री गारठतात खऱ्या, पण दुपारी ऊन इतके तापते की स्पॉन पेरायला लागते तशी वीस अंशांच्या खालची माती दिवसभर टिकत नाही. टेरेसवर गुच्छी पिकवा म्हणून पुण्या-मुंबईत जे विकले जाते त्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन गोष्टी तिला बजावून सांगितल्या. अमेरिकेत जुन्या सफरचंदाच्या बागांत पूर्वी शिसे आणि आर्सेनिक असलेले कीटकनाशक फवारत असत. त्या मातीत आलेल्या गुच्छींत हे विष उतरल्याचे तपासणीत दिसले आहे. तेव्हा अंगणात आधी काय फवारले गेले ते घरमालकाला विचारायचे. आणि गुच्छी कच्ची कधीच खायची नाही, मग ती रानातली असो की लावलेली. २०२३ च्या वसंतात अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एका उपाहारगृहातली कच्ची आणि अर्धवट शिजलेली गुच्छी खाऊन एकावन्न जण आजारी पडले आणि दोघे दगावले. ती गुच्छी चीनमधून आलेली, शेतात पिकवलेलीच होती. शिवाय मेंदूसारख्या वळ्यांची, आतून सलग पोकळ नसलेली खोटी गुच्छी वेगळी असते, ती विषारी. उभी चिरून पाहिल्याशिवाय घरात घ्यायची नाही.

पहिल्या वर्षी तिच्या वाफ्यात पांढरी भुकटी छान पसरली, पण पिशव्या तिने वसंतापर्यंत तशाच राहू दिल्या आणि काही आले नाही. दुसऱ्या वर्षी वेळेवर उचलल्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिने फोटो पाठवला: चार गुच्छी, सगळ्यांत मोठी करंगळीएवढी. तीन वाफ्यात होत्या. चौथी वाफ्याबाहेर, फाटकाजवळ गेल्या वर्षी सुताराने टाकलेल्या ढलप्यांच्या ढिगात.