गॉल्गीचं जाळं आणि 'आर्टिफॅक्ट' हा शब्द: पेशीच्या अंतरंगाच्या चित्रांची पार्श्वभूमी

शाळेत पेशीची आकृती सगळ्यांनीच काढलेली असते. मधोमध केंद्रक, त्याला बिलगून घड्या पडलेली आंतर्द्रव्यजालिका, इकडेतिकडे तंतुकणिका आणि कोपऱ्यात चपट्या पिशव्यांच्या चवडीसारखं गॉल्गी संकुल. या आकृतीतल्या बहुतेक बारीक रेघा मेलेल्या पेशींवरून आलेल्या आहेत. पेशी आधी रसायनात मारायची, तिच्यातलं पाणी काढून टाकायचं, ती प्लास्टिकमध्ये बसवायची, अतिपातळ काप काढायचे, त्यांवर जड धातूंचे क्षार चढवायचे आणि निर्वात पोकळीत इलेक्ट्रॉनांच्या झोतापुढे धरायचे. एवढं सोसून जे दिसतं ते पेशीचं रूप की या खटाटोपाचं, हा प्रश्न सुमारे शंभर वर्षं धुमसत होता. आज जिवंत पेशींच्या सुंदर चित्रफिती बघताना तो कुणाला आठवत नाही.

बुचाचा काप, पेशी सिद्धांत वगैरे गोष्टी इथे सोडून देतो. पुढच्या वादाला लागणारी पहिली तारीख 1873. त्या वर्षी एका जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की भिंग कितीही उत्तम घासलं तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसू शकत नाहीत. दृश्य प्रकाशासाठी ही मर्यादा सुमारे 200 नॅनोमीटर येते. तंतुकणिका साधारण 500 नॅनोमीटर जाड, म्हणजे ती ठिपक्यासारखी दिसणार, पण आतलं काही कळणार नाही. पेशीतली पटलं तर 10 नॅनोमीटरहून पातळ.

त्याहून मोठी अडचण अशी की पेशी जवळजवळ पारदर्शक असते. दिसण्यासाठी रंग हवा, आणि बहुतेक रंग पेशी मारल्याशिवाय नीट चढत नाहीत. तंतुकणिकांचं नशीब बरं होतं. त्यांना हे नाव 1898 मध्ये मिळालं आणि दोनच वर्षांत जेनस ग्रीन हा रंग जिवंत पेशीतल्या तंतुकणिकांवरही चढतो असं आढळलं. त्यामुळे त्यांच्यावरचा संशय फार ताणला गेला नाही.

गॉल्गीच्या वाट्याला असा रंग आला नाही. त्याच 1898 सालात गॉल्गी या इटालियन संशोधकाने घुबडाच्या अनुमस्तिष्कातल्या चेतापेशींमध्ये एक काळं जाळं पाहिलं. पोटॅशियम डायक्रोमेट, ऑस्मियम आणि मग सिल्व्हर नायट्रेट अशी त्याची कृती होती. चांदी जिथे जमेल तिथे काळं दिसायचं. पण ही कृती मोठी लहरी. एका तुकड्यात जाळं झकास उमटायचं, तर त्याच ऊतीच्या दुसऱ्या तुकड्यात काहीच नाही. पृष्ठवंशी प्राण्यांत जाळं, तर अपृष्ठवंशींत सुटी चंद्रकोरीसारखी शकलं. त्यातच 1920च्या दशकात एका फ्रेंच गटाने न्यूट्रल रेडने जिवंत पेशीत रंगणारे थेंब दाखवले आणि म्हटलं, खरी वस्तू हे थेंब आहेत, जाळं म्हणजे त्यांच्यावर साचलेली चांदी. पन्नासेक वर्षं या एका रचनेवर शेकड्यांनी लेख लिहिले गेले, आणि ती अस्तित्वात आहे का यावरच एकमत नव्हतं.

शेवटचा मोठा घाव 1949 मध्ये बसला. न्यूयॉर्कमधल्या एका प्रयोगशाळेतल्या दोघांनी दाखवलं की पेशीतल्या स्निग्ध थेंबांना अल्कोहोल लागलं की त्यांतून गुंडाळ्या-गुंडाळ्यांचे आकार निघतात आणि ते गॉल्गीच्या जाळ्यासारखेच दिसतात. निष्कर्ष रोखठोक होता: गॉल्गी म्हणजे आर्टिफॅक्ट.

या शब्दापाशी जरा थांबायला हवं. पुरातत्त्वात आर्टिफॅक्ट म्हणजे माणसाच्या हातची वस्तू, म्हणजे पुरावाच. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत मात्र पुराव्याचा घात करणारी गोष्ट. मराठीत कुणी 'कृतक' म्हणतं, कुणी 'आभास', पण आभास हा शब्द मला पटत नाही. आर्टिफॅक्ट डोळ्याचा भ्रम नसतो, ती वस्तू काचेवर खरोखर असते. प्रश्न एवढाच की पेशी मरण्याआधी ती तिथे होती का. आणि 1949च्या युक्तिवादात फट इथेच होती. अल्कोहोलने तसा आकार तयार करता येतो, एवढंच सिद्ध झालं होतं. म्हणून आधी दिसलेलं प्रत्येक जाळं तसंच तयार झालं असं ठरत नाही.

निकाल यंत्राने लावला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक 1931 मध्ये बर्लिनमध्ये जन्मला, पण जीवशास्त्राला तो बराच काळ परका होता, कारण नमुना एवढा पातळ कापणार कसा? 1945 मध्ये संपूर्ण पेशीचं पहिलं चित्र निघालं ते न कापताच; पातळ पापुद्र्यावर वाढवलेल्या कोंबडीच्या भ्रूणपेशीच्या विरळ कडांमध्ये लेससारखी नक्षी दिसली, तीच पुढे आंतर्द्रव्यजालिका ठरली. मग काही वर्षांत सगळं जुळून आलं: 1949 मध्ये प्लास्टिकमध्ये नमुना बसवण्याची रीत, 1950 मध्ये चक्क फोडलेल्या काचेच्या धारेची सुरी, 1952 मध्ये पेशी मारून आहे तशी टिकवण्यासाठी आम्लता सांभाळलेलं ऑस्मियम. मी या काळावर रेंगाळतो हे मान्य आहे, पण आपल्या आकृतीचा सांगाडा या चार-पाच वर्षांतच उभा राहिला. 1954 मध्ये गॉल्गी संकुल पटलांची चवड म्हणून स्पष्ट दिसलं आणि वाद मिटला. 1960च्या दशकात गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पेशींत किरणोत्सारी अमिनो आम्लांचा माग काढून प्रथिनं गॉल्गीमार्गेच बाहेर पडतात हे दाखवणाऱ्या गटाचा प्रमुख कोण? 1949 मध्ये 'हे नाहीच' म्हणणाऱ्या दोघांपैकी एक. त्या दोघांनाही 1974 चं नोबेल मिळालं, पेशीच्या रचनेवरच. चुकीची कबुली याहून उपयुक्त कशी देता येईल, मला सुचत नाही.

आणखी उदाहरणंही आहेत, काही उलट्या बाजूचीही. पेशीविभाजनातले तर्कूचे तंतू मारलेल्या पेशीत दिसत, म्हणून त्यांच्यावरही संशय होता; 1953 मध्ये ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने ते जिवंत पेशीत दाखवले गेले. ते तंतू म्हणजे पोकळ सूक्ष्मनलिका, आणि त्या पेशींत सर्रास असतात, हे कळायला मात्र 1963 मध्ये ग्लुटारल्डिहाइड हे पेशी टिकवणारं नवं रसायन यावं लागलं, कारण थंड ऑस्मियममध्ये त्या विरघळून जात. म्हणजे रसायन खोटं निर्माण करतं तसं खरं पुसूनही टाकतं. याच ग्लुटारल्डिहाइडसारख्या रसायनांनी जिवाणूंत मेसोसोम नावाच्या पटलांच्या गुंडाळ्या ठळक केल्या. त्यांना कामंही नेमून दिली गेली: श्वसन, विभाजन, डीएनए वाटणं. पेशी रसायनाऐवजी झटकन गोठवून पाहिल्यावर मेसोसोम गायब झाले. गॉल्गी नाकारलं गेलं ते होतं, आणि मेसोसोम मानले गेले ते नव्हते.

जिवंत पेशी थेट पाहण्याची वाट 1930च्या दशकातल्या फेज कॉन्ट्रास्टने, म्हणजे पारदर्शक पेशी न रंगवता दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या तंत्राने उघडली, पण ती रुंद झाली 1994 नंतर, जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन दुसऱ्या सजीवांत चालतं हे कळल्यावर. 2006 मध्ये यीस्टमध्ये, जिथे गॉल्गीच्या पिशव्या चवडीत नसून सुट्या विखुरलेल्या असतात, एकेक पिशवी काळाबरोबर आपली प्रथिनं बदलताना दिसली. पिशवी जागेवर राहते आणि माल पुढे जातो, की पिशवीच पिकत पुढे सरकते, या जुन्या वादात दुसऱ्या बाजूचं पारडं जड झालं. 200 नॅनोमीटरची मर्यादाही युक्तीने ओलांडली गेली. त्याचं नोबेल 2014 मध्ये मिळालं. 2016 मध्ये अशाच तंत्राने पेशीच्या कडेच्या आंतर्द्रव्यजालिकेतले काही 'सपाट पत्रे' म्हणजे दाट विणलेल्या नळ्या असल्याचं मांडलं गेलं.

पण जिवंत पेशीही पाहणाऱ्याच्या हस्तक्षेपातून सुटत नाही. चमकणारं प्रथिन जोडलेल्या काही पेशींमध्ये आंतर्द्रव्यजालिकेच्या नीटनेटक्या थप्प्या दिसत होत्या. 2003 मध्ये कारण सापडलं: हिरव्या प्रथिनाचे रेणू एकमेकांना हलकेच चिकटतात आणि पटलांना शेजारी-शेजारी ओढतात. त्या प्रथिनात बदल करून हा चिकटपणा काढून टाकला, तेव्हा थप्प्या बनेनाशा झाल्या.