एकभिंगी परावर्ती फिल्म कॅमेरा : खानदेशातील वापर व निगा

एकभिंगी परावर्ती कॅमेरा : ज्या भिंगातून छायाचित्र फिल्मवर उमटते त्याच भिंगातून दृश्य पाहता येते असा कॅमेरा. व्यवहारात त्याला एसएलआर म्हणतात आणि डिजिटल कॅमेरे आल्यापासून ‘रोलचा कॅमेरा’ असेही म्हटले जाते. भिंगामागे ४५ अंशांत बसवलेला आरसा प्रकाश वरच्या दुधी काचेवर टाकतो. तेथे उमटलेली प्रतिमा पंचकोनी लोलकातून सुलटी होऊन डोळ्याला दिसते. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, फिल्मपुढचे शटर उघडते व मिटते आणि आरसा पुन्हा जागेवर येतो. प्रस्तुत नोंद ३५ मिमी. रोलवर २४ × ३६ मिमी.ची चौकट टिपणाऱ्या कॅमेऱ्यांपुरती आहे. त्यांच्या निगेविषयीचे बहुतेक उपलब्ध लेखन थंड किंवा दमट प्रदेशांत झालेले आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या हवेत ते जसेच्या तसे लागू पडत नाही.

उगम : पाहण्यासाठी आरसा वापरण्याची कल्पना छायाचित्रणाहून जुनी आहे, चित्रकारांच्या कॅमेरा ऑब्स्क्यूरात (बाहेरचे दृश्य आतल्या पडद्यावर पाडणाऱ्या पेटीत) तो असे. छायाचित्रणासाठी अशा रचनेचे पहिले पेटंट टॉमस सटन यांनी १८६१ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. बाजारात विकला गेलेला पहिला नमुना म्हणून सामान्यतः कॅल्व्हिन रे स्मिथ यांच्या अमेरिकन कॅमेऱ्याकडे (पेटंट १८८४) बोट दाखवले जाते.

३५ मिमी. फिल्मवरचा पहिला एसएलआर कोणता, याबाबत दोन पक्ष आहेत. ड्रेस्डेनच्या इहागी कारखान्याचा कीने-एक्झाक्टा १९३६ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत मांडला गेला, हे निर्विवाद आहे. लेनिनग्राडच्या गोम्झ कारखान्यातला ‘स्पोर्ट’ त्याआधीचा असल्याचे सोव्हिएत कॅमेऱ्यांचे अभ्यासक सांगतात. त्याचे प्राथमिक नमुने १९३४–३५ च्या सुमारास तयार झाले असावेत. नियमित उत्पादन मात्र बहुधा १९३७ मध्ये सुरू झाले. नमुना धरायचा की दुकानात मिळू लागलेली वस्तू धरायची, यावर निकाल फिरतो. कारखान्यातल्या नमुन्यांच्या तारखा मागाहून लिहिलेल्या आठवणींवर अवलंबून असतात, तर जत्रेत मांडलेली वस्तू अनेकांनी पाहिलेली असते. त्यामुळे कीने-एक्झाक्टाला पहिला मान देणे अधिक सुरक्षित वाटते.

लोलकाचा वादही असाच आहे. डोळ्यापाशी धरून सुलटे, डावे-उजवे बरोबर असलेले चित्र दाखवणारा कॅमेरा म्हणून ड्रेस्डेनचा काँटॅक्स एस (१९४९) प्रसिद्ध आहे. इटलीचा रेक्टाफ्लेक्स १९४८ च्या आसपास तयार होता आणि काही अभ्यासक अग्रमान त्यालाच देतात. बुडापेस्टचा डूफ्लेक्स (सु. १९४७–४९) या दोघांच्या बरोबरीने विचारात घ्यावा लागतो. त्यात लोलकाऐवजी आरशांची जुळणी होती, पण टिपून झाल्यावर आपोआप खाली येणारा आरसाही होता. त्याआधीच्या कॅमेऱ्यांत एकदा बटण दाबले की पुढचे फ्रेम ओढेपर्यंत डोळ्यापुढे अंधार असे. डूफ्लेक्सची निर्मिती फार थोडी झाली. परतणारा आरसा खऱ्या अर्थाने रुळवला तो जपानच्या असाहीफ्लेक्स दोन-बी या नमुन्याने (१९५४). पुढे निकॉन एफ (१९५९), भिंगातून आत येणारा प्रकाश मोजणारा टॉपकॉन आरई सुपर (१९६३) आणि पेंटॅक्स स्पॉटमॅटिक (१९६४) यांनी आजचा आराखडा पुरा केला. १९७६ ते १९९७ अशी दोन दशके निघालेला पेंटॅक्स के-१००० जुन्या बाजारात अजूनही शोधला जातो.

खानदेशातील पूर्वपीठिका : प्रदेशाच्या सीमेवरील अजिंठा लेण्यांत रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून भित्तिचित्रांच्या नकला केल्या आणि पुढे तेथे द्विदृश्य (दोन चित्रे एकत्र पाहून खोली जाणवणारी) छायाचित्रेही घेतली. ती १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. गिल यांची कबर भुसावळला आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–८९) यांनी आयुष्याचा मोठा काळ घराबाहेर न पडता टेबलावर देखावे रचून छायाचित्रे घेतली आणि त्या प्रकारात देशाबाहेरही नाव मिळवले. कॅमेरा कोठेही न नेता, एका खोलीतल्या प्रकाशावर हुकमत मिळवून किती करता येते, याचे त्यांच्याइतके ठळक उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

हवामान आणि यंत्र : कोकण-मुंबईकडच्या छायाचित्रकाराचा मुख्य शत्रू बुरशी. खानदेशात वर्षाचे आठ महिने शत्रू वेगळे असतात : ऊन, फुफाटा आणि कापसाचा तंतू. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५° से.च्या वर जातो. बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या खोलीत तापमान याहून बरेच चढते. या उष्णतेत भिंगाच्या फिरत्या आट्यांमधले ग्रीस पातळ होऊन त्यातले तेल सुटते आणि प्रकाशरंध्राच्या (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या छिद्राच्या) पात्यांवर येते. प्रस्तुत नोंदकाराने पाहिलेल्या एका ५० मिमी. भिंगात ही पाती उजेडात धरल्यावर ओल्या शिसपेन्सिलीसारखी चमकत होती. खटका दाबला की ती रंध्र लहान करायला अर्धा सेकंद घेत, शटर त्याआधीच मिटून जाई आणि उन्हातले प्रत्येक चित्र पांढरे पडे. दोष फिल्मचा किंवा प्रकाशमापकाचा समजून लोक असे रोलमागून रोल वाया घालवतात. तपासणी सोपी आहे. भिंग काढून एफ १६ वर (लहान रंध्रावर) ठेवावे, मागची छोटी दांडी बोटाने हलवून सोडावी. पाती टचकन मिटली पाहिजेत. ती रेंगाळत असतील तर भिंग उघडून पाती धुणे हाच उपाय. वरून तेल सोडणे म्हणजे दुखणे वाढवणे.

काळ्या जमिनीची वाळल्यावरची धूळ अतिशय बारीक असते. ती मागच्या झाकणातून शिरून फिल्म दाबणाऱ्या पट्टीवर बसली, तर रोलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओरखडा उठतो. जिनिंगच्या आवारात किंवा वेचणीच्या वावरात कापसाचा तंतू फिल्मच्या चौकटीच्या कडेला अडकतो आणि छापात काळ्या केसासारखा दिसतो. म्हणून अशा ठिकाणी भिंग बदलू नये, रोलही बदलू नये. बदलणे अटळच असेल तर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेरा खाली तोंड करून, उपरण्याच्या आडोशाने बदलावा.

पावसाळा तुलनेने कमी काळाचा असला तरी जुलै ते सप्टेंबर बुरशीला पुरेसा असतो. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात तर अधिकच. दुर्लक्षित राहिलेली आणखी एक बाब कूलरची. उन्हाळ्यात बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असते, पण खिडकीतला पाण्याचा कूलर दिवसभर चालला की बंद खोलीतली आर्द्रता पावसाळ्याइतकी होऊ शकते. कूलरच्या झोतासमोरच्या फळीवर कॅमेरा ठेवणाऱ्यांच्या भिंगात म्हणूनच भर उन्हाळ्यातही कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे निघू शकतात. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला वाव मिळतो. ४० ते ५० टक्के चांगली.

रोल भरणे : भर उन्हात रोल भरू नये, स्वतःची सावलीही पुरते. फिल्मची जीभ उजवीकडच्या चकतीच्या फटीत घालावी, दात्यांवर भोके नीट बसली हे पाहावे, एकदा फिल्म पुढे सरकवण्याची किल्ली ओढून मगच झाकण लावावे. त्यानंतर डावीकडची गुंडाळण्याची कळ हलकेच फिरवून रोलमधला सैलपणा काढावा. पुढची फ्रेम ओढताना ही कळ आपोआप उलटी फिरताना दिसली पाहिजे. ती फिरत नसेल तर फिल्म सरकलेली नाही, आकडा कितीही पुढे गेला तरी. हळदीपासून पाठवणीपर्यंत छत्तीस फोटो काढल्यावर आत कोरी फिल्म निघाल्याचे प्रसंग या एका नजरेच्या अभावी घडतात. रोल संपल्यावर तळाचे बटण दाबूनच गुंडाळावा. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत तो फार वेगाने गुंडाळल्यास स्थिर विजेच्या ठिणग्यांचे झाडाच्या फांद्यांसारखे डाग पडू शकतात.

फ्रिजमध्ये ठेवलेला रोल बाहेर काढल्यावर डबी न उघडता तास-दीड तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, नाहीतर थंड फिल्मवर दव धरते. टिपलेला रोल मात्र साठवू नये. उष्णतेने अप्रकट (धुण्याआधीची, न दिसणारी) प्रतिमा फिकट होते आणि रंगीत फिल्मचे रंग ढळतात. एकेकाळी उदकमंडलमच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ हा कृष्णधवल रोल देशात बनत असे. आता बहुतेक फिल्म आयात होते आणि महाग आहे, त्यामुळे हे नुकसान खिशालाही जाणवते.

प्रकाश मोजणे : कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे सर्व काही सुमारे १८ टक्के प्रकाश परतवणारे, म्हणजे मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरतो. खानदेशात हे गृहीत दोन्ही बाजूंनी चुकते. फुटलेल्या कापसाने चौकट भरली तर मापक प्रकाश कमी करतो आणि कापूस मळकट येतो. तेथे एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) रंध्र उघडावे. नुकत्याच वखरलेल्या काळ्या रानावर मापक उलट फसतो आणि माती राखी करून टाकतो. तेथे तेवढेच मिटावे. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत पानावर मोजणे सोयीचे, कारण हिरवे पान मध्यम राखाडीच्या जवळ असते. मात्र आभाळ चमकणारी तकतकीत बाजू टाळावी. मापक बंद असेल तर १०० आयएसओ संवेदनशीलतेच्या फिल्मला स्वच्छ उन्हात एफ १६ आणि १/१२५ सेकंद हा ठोकताळा चालतो. टोपीच्या किंवा पदराच्या सावलीतल्या चेहऱ्यासाठी त्यात निदान एक स्टॉप भर घालावी.

फ्लॅश वापरताना शटरची गती जुळणे आवश्यक आहे : कापडी पडद्याच्या के-१००० मध्ये १/६०, झेनिट-ई मध्ये १/३०, उभ्या धातूच्या पात्यांच्या याशिका एफएक्स-३ मध्ये १/१२५. याहून जलद गती ठेवल्यास चित्राचा एक भाग काळा येतो. अजिंठ्यात फ्लॅशला मनाई आहे. पाटणादेवीसारख्या जुन्या मंदिराच्या अंधाऱ्या भागात लांब वेळ द्यावा लागला, तर फिल्मची संवेदनशीलता घटते हे लक्षात घ्यावे. ट्राय-एक्स या कृष्णधवल फिल्मसाठी मापकाने १ सेकंद सांगितल्यास २ आणि १० सांगितल्यास ५० सेकंद द्यावेत.

स्वच्छता व साठवण : आरशाला बोट, कापड, कापूस काहीही लावू नये. त्याचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो आणि एका पुसण्यात ओरखडतो. रबरी फुग्याच्या हवेने जेवढी धूळ जाईल तेवढी पुरे. आरशावरची धूळ चित्रात येत नाही, फक्त पाहताना दिसते. भिंगावर आधी फुगा, मग मऊ ब्रश आणि शेवटी गरज असेल तरच द्रव लावलेला भिंगाचा कागद, हा क्रम मोडू नये. मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा फोम काही वर्षांनी डांबरासारखा चिकट होतो. तो लाकडी काडीने खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवा बसवावा. नवा फोम मिळेपर्यंत काळी लोकर चालते.

चामड्याची केस दाखवायला देखणी, पण ओल धरून ठेवते. पावसाळ्यात कॅमेरा तिच्यातून बाहेर असावा. उन्हाळ्यात केलेले बिबडे (ज्वारीचे पापड) ज्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरतात, तसा एक डबा आणि तळाला सिलिका जेलची पुरचुंडी ही स्वस्त व उत्तम सोय आहे. निळ्या जेलचे खडे गुलाबी झाले की मंद आचेवरच्या तव्यात पुन्हा निळे होईपर्यंत तापवावेत. हा तवा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. डांबराच्या गोळ्या कॅमेऱ्याजवळ ठेवू नयेत. ठेवताना शटर ओढलेले नसावे, बॅटरी काढलेली असावी आणि महिन्यातून एकदा सर्व गतींवर खटका दाबून पाहावा. पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या जुन्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत. त्यांच्या जागी १.५ व्होल्टची अल्कलाइन घातल्यास काही जुन्या कॅमेऱ्यांचे मापन चुकते.

रोल धुणे : रंगीत फिल्म धुण्याच्या सी-४१ प्रक्रियेला ३८° से. लागते आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी जवळपास तेवढे असतेच. कृष्णधवल फिल्मची अडचण उलट आहे. तिच्या वेळा २०° से.ला दिलेल्या असतात. पाणी गरम असल्यास वेळ पाच मिनिटांच्या खाली येऊन विकसन डागाळते. बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाहेरच्या पाण्यात ठेवावा, द्रावणात टाकू नये. शेवटच्या धुण्याचे पाणीही त्याच तापमानाजवळ हवे, नाहीतर मऊ झालेला थर आकसून सुरकुततो. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे थेंब सुकल्यावर निघत नाहीत, म्हणून अखेरची बुडी ऊर्ध्वपातित पाण्यात द्यावी.

निगेटिव्ह : जुन्या रोलचा आधार बहुधा सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असतो. उष्णता व ओल यांनी त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटते, फिल्म आकसते व वळते, आणि बंद डब्यात एका रोलचे आम्ल शेजारच्या रोललाही लागते. लग्नसराईच्या निगेटिव्हांचे गठ्ठे पोटमाळ्यावर, तापणाऱ्या पत्र्याखाली ठेवण्याची पद्धत म्हणूनच सर्वांत घातक. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर तेवढे रोल लगेच वेगळे काढावेत, कागदी पाकिटांत घालून हवेशीर, थंड जागी ठेवावेत आणि बाकीच्यांच्या आधी त्यांच्या प्रती करून घ्याव्यात.