हरभऱ्याचा शत्रू, चांदीचा कारागीर

हरभऱ्याची उभी झाडं वाळवणारा मर रोग फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीमुळे होतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अबसार अहमद, मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी याच बुरशीला चांदीच्या कामाला लावलं. सिल्व्हर नायट्रेटच्या रंगहीन द्रावणात बुरशी ठेवली की द्रावण तपकिरी होतं. त्यात ५ ते १५ नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) चांदीचे कण तरंगत असतात. हे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी २००१ मध्ये याच प्रयोगशाळेत व्हर्टिसिलियम बुरशीने असे कण बनवले होते, पण ते पेशीच्या आत. ते काढायचे तर पेशी फोडाव्या लागतात. फ्युजॅरियमचे कण बाहेरच तयार होतात, नुसतं गाळून घ्यायचं!

मला खरी भुरळ पडते ती यामागच्या इलेक्ट्रॉनच्या प्रवासाची. चांदीचा आयन म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला अणू. तो परत मिळाला की आयनाचा पुन्हा धातू होतो. कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत त्यासाठी सोडियम बोरोहायड्राइडसारखं जहाल रसायन वापरता येतं. बुरशीकडे नायट्रेट रिडक्टेज हे विकर (एन्झाइम, रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) असतं. एनएडीपीएच या रेणूकडून इलेक्ट्रॉन घेऊन नायट्रेटचं नायट्राइट करणं हे त्याचं नेहमीचं काम. २००७ मध्ये पुण्याच्याच गटाने बुरशी बाजूला ठेवून फक्त शुद्ध केलेलं विकर घेतलं. सोबत एनएडीपीएच, इलेक्ट्रॉन पोहोचवणारं ४-हायड्रॉक्सिक्विनोलिन आणि फायटोकेलॅटिन हे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखी छोटी साखळी. एवढ्यावर चांदीचे कण तयार झाले. फायटोकेलॅटिनमधले गंधकाचे अणू चांदीला घट्ट धरतात आणि कणांवर वेष्टण तयार होतं, म्हणून ते एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत. तपकिरी रंगही इलेक्ट्रॉनांचाच: कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीच्या तालावर एकत्र हेलकावतात आणि ४२० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतात.

जंतू मारतानाही चांदी गंधकालाच गाठते. आयन जिवाणूंच्या प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटतात आणि विकरं बंद पडतात. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात २०१२ मध्ये ऑक्सिजनविरहित हवेत हे कण तपासले, तेव्हा ते जिवाणूंना जवळजवळ निरुपद्रवी ठरले. ऑक्सिजनमुळे पृष्ठभागावरून आयन सुटतात आणि तेच मारतात. म्हणून पृष्ठभाग महत्त्वाचा. एक सेंटिमीटरच्या चांदीच्या घनाचे १० नॅनोमीटरचे घन केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे जवळपास सहा गुंठे जमीन.

याच आधारावर 'चांदीचं पाणी प्या, प्रतिकारशक्ती वाढवा' असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. असं पाणी दीर्घकाळ प्यायलं, तर चांदी त्वचेत साठून अंग कायमचं निळसर-करडं पडू शकतं. या विकाराला अर्जिरिया म्हणतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच कोलॉइडल सिल्व्हरची (द्रवात तरंगणाऱ्या चांदीच्या बारीक कणांची) दुकानात सहज मिळणारी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानण्यास नकार दिला.

चांदीची खरी जागा भाजलेल्या जखमेवरची मलमपट्टी. मोज्यांपासून वॉशिंग मशिनपर्यंत सगळीकडे ती घुसवणं मला धोक्याचं वाटतं, कारण जिवाणूही शिकतात. १९७५ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागात चांदीला न जुमानणारा साल्मोनेला जिवाणू सापडला. पुढे त्याच्या प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर, 'सिल' जनुकं आढळली: त्यांतल्या काहींची प्रथिनं आयन पकडतात, तर काहींची त्यांना पेशीबाहेर उपसून टाकतात.